पारदर्शक पिंपातलं बिऱ्हाड

पडद्यावरचं चित्र आधी नीट बघून घ्या. जे हे व्याख्यान नंतर वाचणार आहेत त्यांच्यासाठी चित्रात काय आहे ते सांगतो. एक पारदर्शक पिंप आहे, दोन्ही तोंडांनी उघडं, लांबी आपल्या बोटाच्या एक-दोन पेरांएवढी. पिंपाच्या आत कोळंबीसारखा दिसणारा एक प्राणी पाय रोवून बसला आहे. तोही जवळजवळ पारदर्शक. डोकं अंगाच्या मानाने भलतंच मोठं. पिंपाच्या भिंतीला आतून पांढुरके ठिपके चिकटलेले दिसतात, ती त्या प्राण्याची पिल्लं. म्हणजे ही आई आहे. शेपटीकडचा भाग पिंपाबाहेर काढून ती पाणी मागे लोटते आणि पिंप पुढे सरकतं. बाबागाडी ढकलत चालल्यासारखं. हिचं नाव फ्रोनिमा.

आणि पिंप? ते पिंप थोड्या दिवसांपूर्वी एक स्वतंत्र प्राणी होतं. पोहत होतं, खात होतं. फ्रोनिमाने त्याला पकडलं, आतलं सगळं कोरून खाल्लं आणि उरलेल्या अंगात संसार मांडला.

आता या नात्याला काय म्हणायचं? शाळेत आपण परजीवी हा शब्द शिकलो. आंब्यावरचं बांडगूळ, डोक्यातली ऊ, गुराच्या अंगावरची गोचीड. फ्रोनिमा यांच्यात बसते का? गोचीड गाय खाऊन संपवत नाही, तिच्या कातड्यात पोरं वाढवत नाही. मग हिला शिकारी म्हणावं तर वाघ हरणाच्या कातड्यात राहायला जात नाही. आजचं सगळं बोलणं या अडचणीभोवतीच आहे. असे प्राणी शेकडो आहेत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचं हे वागणं कितीतरी वर्षं आपल्या नजरेतून निसटलं. का निसटलं तेही बघू.

आधी दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ. एका बाजूला अ‍ॅम्फिपॉड. कोळंबी, खेकडा, जवळा यांच्या मोठ्या कवचधारी गोतावळ्यातले हे लहान भाऊबंद. साधारण १० हजार जाती आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला शेवाळाचा ढीग उचललात तर खालून टणाटण उड्या मारत पळणारे बारके किडे दिसतात, ते अ‍ॅम्फिपॉडच. बहुतेक अ‍ॅम्फिपॉड असेच कशाला तरी धरून राहणारे. वाळू, दगड, शेवाळ, चिखल. पण त्यांचा एक गट, हायपेरिड नावाचा, खुल्या समुद्रात राहतो. अडीचशेहून अधिक जाती. आज आपलं काम यांच्याशी.

दुसऱ्या बाजूला जेलीसारखे प्राणी. ‘जेलीसारखे’ हे कूळ नाही, ही शरीराची तऱ्हा आहे. जेलीफिश त्यात आल्या. वसाहत करून राहणारे सायफोनोफोर आले. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर येऊन लोकांना डसणारी ‘ब्लू बॉटल’ ही त्यांच्यातलीच. आणि साल्प आले. साल्प दिसायला जेलीफिशचा भाऊ वाटतो, पण नात्याने तो आपल्याला, म्हणजे पाठीचा कणा असलेल्यांना, जास्त जवळचा आहे. पिंपाच्या आकाराचं अंग, एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. आत चिकट पदार्थाचं बारीक जाळं असतं, त्यात पाण्यातलं सूक्ष्म अन्न अडकतं. बाहेरून एक जाडसर, पारदर्शक अंगरखा. फ्रोनिमा पळवते तो बहुधा हाच अंगरखा.

फ्रोनिमाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १७७५ साली छापून आलं. लिहिणारा तेव्हा हयात नव्हता. पीटर फोर्स्कोल हा लिनियसचा विद्यार्थी. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली होती, १७६१च्या जानेवारीत ती कोपनहेगनहून निघाली, तिचा हा निसर्गशास्त्रज्ञ. जाता जाता समुद्रातलं जे मिळेल ते तो टिपत गेला. १७६३ साली येमेनमध्ये तो आजारी पडून गेला. मोहिमेतली माणसं एकामागून एक गेली, आणि उरलेले जहाजाने मुंबईला आले. दोघे जण वाटेत समुद्रातच वारले, डॉक्टर होता तो मुंबईत वारला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. तो मोहिमेचा मोजणीदार. मुंबईत राहून तो सावरला, घारापुरीची लेणी बघून त्यांची चित्रं काढली, आणि घरी पोचल्यावर आपल्या मेलेल्या मित्राची टिपणं त्याने पुस्तकरूपाने छापली. या एकाच पुस्तकात साल्पलाही ‘साल्पा’ हे नाव मिळालं आणि फ्रोनिमाचंही वर्णन आलं. फोर्स्कोलने तिला ‘सेडेन्टारिया’ म्हटलं. म्हणजे बैठी, घर न सोडणारी. पिंपात बसलेली त्याने पाहिली होती हे नावावरूनच कळतं.

म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने ही जोडी पाहिली. मग पुढे काय झालं? पुढे जाळी आली.

एकोणिसाव्या शतकात समुद्राचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो जाळ्यांनी. बारीक विणीचं शंकूसारखं जाळं जहाजामागून ओढायचं, वर घ्यायचं, जे मिळेल ते बरणीत घालून औषधात बुडवायचं. कवच असलेल्या जिवांसाठी हे छान आहे. पण जेलीसारख्या प्राण्याचं काय होतं? त्याच्या अंगात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच. जाळ्याच्या दाबाने तो फाटतो, विणीतून गळून जातो, उरलंसुरलं औषधात विरघळतं किंवा बरणीच्या तळाशी साका होऊन बसतं. त्याच्या अंगावरचा अ‍ॅम्फिपॉड मात्र शाबूत वर येतो. बरणीत तो एकटा असतो. बघणाऱ्याने नोंदवहीत काय लिहायचं? ‘मुक्तपणे पोहणारा.’

आमच्या मते ही सागरविज्ञानातली फार शिकण्यासारखी चूक आहे. कोणी आळशीपणा केला नव्हता. जाती नीट ओळखल्या गेल्या, पायांच्या सांध्यांची सुंदर चित्रं निघाली. फक्त भाडेकरू तेवढे मोजले गेले, घरं आधीच पाडून झाली होती. जेलीफिशवर बसणारा हायपेरिया किनाऱ्याजवळ डोळ्यांनी दिसायचा, म्हणून तो माहीत होता. फ्रोनिमाचं पिंप चिवट, तेही कधीकधी शाबूत यायचं. बाकीच्यांचं खातं कोरं.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं होती. ठरलेल्या एकाच मापाचं जाळं २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचं अशी पद्धत होती. ते नमुने कोचीच्या इंडियन ओशन बायोलॉजिकल सेंटरमध्ये येत आणि तिथे बसून माणसं चिमट्याने एकेक गट वेगळा काढत. अ‍ॅम्फिपॉड एका बाटलीत, जेलीफिश दुसऱ्या, साल्प तिसऱ्या. अफाट कष्टाचं आणि मोलाचं काम. हिंदी महासागरात कुठे काय सापडतं याचा पाया त्यातून घातला गेला. पण कोण कोणाच्या अंगावर बसलं होतं हे त्या बाटल्या सांगू शकत नाहीत.

चित्र बदललं १९७०च्या दशकात, आणि ते बदललं पाण्यात उतरलेल्या माणसांनी. विल्यम हॅमनर आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यापासून दूर, जिथे खाली तळ दिसतच नाही अशा निळ्या पाण्यात बुड्या मारू लागले. हे ऐकायला सोपं वाटतं. खाली काही नाही, बाजूला काही नाही, वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होतं. माणूस नकळत खोल जाऊ शकतो. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. मधोमध एक दोर, त्याला बांधलेले बाकीचे दोर, प्रत्येक दोराच्या टोकाला एक पाणबुड्या, आणि मधल्या दोरापाशी एक जण फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवायला. तो काही गोळा करत नाही. अशा रीतीने तरंगत राहून काचेच्या बरणीत एकेक साल्प, एकेक जेलीफिश हळूच पकडायची. जाळं नाही, ओढणं नाही.

वुड्स होल इथले लॅरी मॅडिन आणि रिचर्ड हार्बिसन, आणि त्यांच्यासोबत डग्लस बिग्स, यांनी या पद्धतीने जमवलेली निरीक्षणं १९७७ साली दोन लेखांत छापली. एक साल्पांवरच्या हायपेरिडांबद्दल, दुसरा जेलीफिश आणि इतर यजमानांबद्दल. इकडे फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राच्या काठी व्हिलफ्रांश इथे फिलिप लावाल हे प्राणी जिवंत ठेवून त्यांचं वागणं बघत होते. या सगळ्यातून जे पुढे आलं ते एका वाक्यात असं: ‘मुक्तपणे पोहणारे’ म्हणून ज्यांची नोंद होती, त्यातले बहुसंख्य आयुष्याच्या निदान एका टप्प्यावर कोणत्या ना कोणत्या जेलीसारख्या प्राण्यावर राहतात.

का राहतात? इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं, कारण सगळी किल्ली इथे आहे.

खुल्या समुद्राच्या मधल्या पाण्याची कल्पना करा. खाली तळ दोन-चार किलोमीटरवर. आजूबाजूला पाणी आणि फक्त पाणी. बसायला काही नाही, लपायला काही नाही, अंडी ठेवायला काही नाही. आता अ‍ॅम्फिपॉडची घडण आठवा. हा प्राणी कशाला तरी धरून राहणाऱ्यांच्या घराण्यातला आहे, पाय धरण्यासाठी आहेत. शिवाय याची पोरं वाढवण्याची रीतही निराळी. कोळंबी किंवा खेकडा सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडून देतो, लाखांनी, आणि त्या आपलं नशीब घेऊन वाहत जातात. अ‍ॅम्फिपॉडची मादी असं करत नाही. तिच्या पोटाखाली पिशवी असते, अंडी त्यात उबतात, पिल्लं त्यातच बाहेर पडतात. हायपेरिडांत तर अनेकदा ही पिल्लं इतकी अर्धवट असतात की त्यांना पोहताच येत नाही, पोहण्याचे पाय पुरते फुटलेले नसतात. तळावर राहणाऱ्या आईला चिंता नाही, पिल्लू वाळूत उतरेल. पाण्यात तरंगणाऱ्या आईने ते कुठे उतरवायचं?

त्या अथांग पाण्यात घट्ट, धरता येईल अशी वस्तू एकच आहे. जेली. आपल्याला ती लिबलिबीत वाटते, पण त्या पिल्लाच्या दृष्टीने ती जमीन आहे. आणि ही जमीन खाता येते.

इतकं लक्षात ठेवलं की पुढच्या तऱ्हा समजायला सोप्या जातात.

पहिली व्हिबिलिया. हिचं बिऱ्हाड साल्पवर. मादी पोहत येते, साल्प गाठते आणि पोटपिशवीतलं पिल्लू पायाने उचलून साल्पवर ठेवते. मग पुढे. पोरं आश्रमशाळेत घालावीत तसं. साल्पने आपल्या चिकट जाळ्यात गाळून गोळा केलेलं अन्न व्हिबिलिया खाते. साल्पला सरळ ओरबाडत नाही, त्याच्या ताटातलं उचलते. त्याच साल्पवर राहणारा दुसरा हायपेरिड, लायकिया, मात्र साल्पचं अंगच खातो. एकच घर, दोन भाडेकरू. एक जेवायला बसतो आणि एक भिंती खातो.

दुसरा हायपेरिया गाल्बा, उत्तर समुद्रातला. जेलीफिशच्या छत्रीच्या आतल्या बाजूला, तिच्या जननग्रंथींच्या पोकळ्यांत हा शिरून बसतो. हिरवट, मोठे डोळे. जेलीफिशवर असताना अंग फिकट ठेवतो आणि सुटून पोहायला लागला की गडद होतो. तो जेलीफिशने पकडलेलं खातो आणि तिचं मांसही. उन्हाळ्याच्या शेवटी त्या समुद्रातल्या जेलीफिश म्हाताऱ्या होत जातात, त्यांच्यावर हायपेरियाची गर्दी वाढत जाते आणि जननग्रंथी पोखरल्या जातात. गोचिडीच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच. हिवाळ्यात जेलीफिश दिसेनाशा होतात तेव्हा तो तळाकडे जातो, म्हणजे पूर्वजांच्या गावी.

तिसरी आपली फ्रोनिमा. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. मादी दोन ते चार सेंटिमीटर, नर बराच लहान. पिंप मुख्यतः मादी करते. साल्प किंवा त्याचा नातलग पायरोसोम पकडायचा, चिमट्यासारख्या पायांनी आणि जबड्याने आतले अवयव खायचे आणि अंगरखा आतून खरवडून आपल्या मापाचा करायचा. पिंप तयार. मग पिल्लं पिशवीतून काढून ती पिंपाच्या आतल्या भिंतीवर ठेवते. एखादं भरकटलं तर परत जागेवर आणते. पिल्लांना ती जेलीसारखं भक्ष्य आणून देते असंही टाकीत ठेवलेल्या माद्यांवर पाहिलं गेलं. कवचधारींमध्ये एवढं आईपण क्वचित बघायला मिळतं.

मग एक विचित्र शोध लागला. जपानच्या संशोधकांनी २००५ साली ही पिंपं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. लेखाचं शीर्षकच ‘अजून जिवंत?’ अशा अर्थाचं होतं. आणि उत्तर होय असं निघालं. साल्प म्हणून तो प्राणी संपला. हृदय नाही, आतडं नाही. पण अंगरख्यातल्या पेशी जिवंत होत्या. म्हणजे पिंप हे सुकवलेलं कातडं नाही, ताजी भिंत आहे. सडत नाही, बुरशी धरत नाही. यजमान मेला की जगला, हा प्रश्न विचारायलाही इथे भाषा अपुरी पडते.

चौथं उदाहरण दक्षिण ध्रुवाजवळचं. यात पळवला जाणारा प्राणी काटेकोर अर्थाने जेली नाही, कवच टाकून दिलेली मऊ, पारदर्शक समुद्री गोगलगाय आहे, क्लायोन. पंख हलवत पोहते. हायपेरिएला नावाचा हायपेरिड तिला पकडतो आणि मागच्या पायांनी धरून पाठीवर बसवतो. खात नाही. घेऊन फिरतो. जेम्स मॅक्लिंटॉक आणि जॉन जॅन्सन यांनी हे मॅकमर्डो साऊंडमध्ये पाहिलं आणि १९९० साली ‘नेचर’मध्ये छापलं. एकटा हायपेरिएला माशासमोर ठेवला तर मासा गिळतो. पाठीवर गोगलगाय असलेला ठेवला तर तोंडात घेऊन थुंकून टाकतो, कारण गोगलगायीच्या अंगात माशाला नकोसा वाटणारं रसायन असतं. ते रसायन पुढे वेगळं काढण्यात आलं. गोगलगायीला यात काय मिळतं? काही नाही. धरून ठेवलेली असताना तिला खाताही येत नाही. त्या दोघा संशोधकांनी शीर्षकात चक्क ‘अपहरण’ हा शब्द वापरला, आणि आम्हाला तो परजीवी, सहजीवी वगैरेंपेक्षा प्रामाणिक वाटतो.

आता शब्दाकडे परत येऊ. लावाल यांनी १९८० साली या सगळ्याचा मोठा आढावा घेतला तेव्हा हायपेरिडांना त्यांनी ‘पॅरासिटॉइड’ म्हटलं. हा शब्द त्यांनी कीटकांच्या अभ्यासातून उचलला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हा शब्द माहीत नसला तरी प्राणी माहीत आहे. उसावर, कपाशीवर ट्रायकोकार्ड लावतात ना? त्या कार्डावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाची बारकीशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी वाढत असते. ती बाहेर पडते, पिकावरच्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतून ते अंडं खाऊन संपवतं आणि बाहेर येऊन स्वतंत्र जगतं. गोचिडीसारखं यजमानाला जिवंत ठेवून पुरवून खायचं नाही, आणि वाघासारखं एका झडपेत मारायचंही नाही. बालपण एका यजमानात काढायचं आणि तो संपला की निघायचं.

लावाल यांची तुलना हुशारीची आहे, कारण तिने लक्ष प्रौढावरून पिल्लावर नेलं. एखादा हायपेरिड परजीवी आहे का, हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या वयात, असं विचारायला हवं. पिल्लू असताना परजीवी, मोठा झाल्यावर शिकारी, आणि आई झाल्यावर पुन्हा यजमान शोधणारा, असं एकच आयुष्य असू शकतं. दक्षिण महासागरातला थेमिस्टो बघा. मोठा थेमिस्टो झुंडीने पोहणारा तरबेज शिकारी, पण त्याची पिल्लं साल्पवर सापडतात. तरीही हा शब्द सगळ्यांना बसत नाही हे आम्ही नोंदवून ठेवतो. व्हिबिलिया साल्पला मारून टाकत नाही आणि हायपेरिएला तर जेवतही नाही.

डोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पारदर्शक घर शोधायचं म्हणजे आधी ते दिसलं पाहिजे. काचेच्या खोलीत काचेचा पेला शोधण्यासारखं आहे हे, आणि तेही अंधुक उजेडात. फ्रोनिमाचं डोकं मोठं दिसतं कारण ते जवळजवळ सगळं डोळाच आहे. प्रत्येक बाजूला दोन, एकूण चार. वरच्या जोडीचे नेत्रघटक लांबलचक नळ्यांसारखे, प्रकाश वाहून नेणाऱ्या तारांसारखे, आणि त्यांच्या टोकाला छोटासा लालसर दृष्टिपटल. हा डोळा वर बघतो. वरून येणाऱ्या मंद उजेडावर एखाद्या पारदर्शक प्राण्याची पुसट सावली पडली तर ती टिपायला. मायकेल लँड यांनी या डोळ्यांचं प्रकाशशास्त्र उलगडून दाखवलं. पॅराफ्रोनिमा नावाच्या हायपेरिडच्या डोळ्यात तर एकाऐवजी १२ नारिंगी दृष्टिपटल एका रांगेत असतात.

दुसरी बाजू अशी की शोधणाऱ्याला स्वतःही दिसायचं नाही. अंग पारदर्शक असलं तरी कवचावरून उजेड परावर्तित होतो, खिडकीच्या काचेवर चमक येते तसा. २०१६ साली लॉरा बॅग, केरन ऑस्बर्न आणि सोन्के जॉन्सन यांनी दाखवलं की काही हायपेरिडांच्या कवचावर अतिसूक्ष्म गोळ्यांचा एक थर असतो आणि तो ही चमक कमी करतो. चष्म्याच्या काचेवर आपण लेप देतो तसाच. हे गोळे बहुधा जिवाणू असावेत असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर भाडेकरूच्या अंगावर पोटभाडेकरू.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की मजेशीर आहे, पण याने फरक काय पडतो. पडतो. जेलीसारखे प्राणी म्हणजे अन्नसाखळीतली बंद गल्ली, असं बराच काळ मानलं जात होतं. ते भरपूर खातात, त्यांना फारसं कोणी खात नाही, आणि त्यांच्यात पोषण म्हणावं तर पाणीच. म्हणून जेलीफिश वाढल्या की माशांचं अन्न वाया गेलं असा हिशेब. या हिशेबात हायपेरिड धरलेले नव्हते, कारण जाळ्यांनी ते वेगळ्या बाटलीत घातले होते.

पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याजवळ क्रायसाओरा प्लोकॅमिया नावाची मोठी जेलीफिश असते. तिच्यावर हायपेरियाची एक जात राहते. तिच्या छत्रीखाली एका माशाची पिल्लंही आसऱ्याला असतात, कारण बाहेर मोठे मासे टपलेले. २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात या पिल्लांची पोटं तपासली तर त्यात हायपेरिया भरलेले मिळाले. म्हणजे जेलीफिशने प्लवक खाल्लं, हायपेरियाने जेलीफिश खाल्ली, माशाने हायपेरिया खाल्ला आणि मासा माणसाच्या जाळ्यात आला. बंद गल्लीला मागचं दार निघालं, आणि ते उघडणारा होता परजीवी. दक्षिण महासागरात हेच काम मोठ्या प्रमाणावर थेमिस्टो करतो, त्याच्यावर मासे आणि समुद्रपक्षी जगतात.

जाता जाता अ‍ॅम्फिपॉड नसलेल्या एका स्वाराबद्दल. शेवंड आपल्याला ताटात माहीत आहे. तिची चपटी बहीण, जिला इंग्रजीतून आपण स्लिपर लॉबस्टर म्हणतो, मुंबईच्या ट्रॉलरना एके काळी भरपूर मिळायची, आणि १९९०च्या दशकात ती मासेमारी कोसळली. या चपट्या कुळाच्या अळ्या कागदासारख्या पातळ, पारदर्शक, लांब पायांच्या असतात, आणि त्यातल्या अनेक जेलीफिशवर स्वार होऊन फिरतात. फिरता फिरता ती जेलीफिशच खातात. जपानमध्ये अशा एका जातीच्या अळ्या फक्त जेलीफिश खायला घालून वाढवून दाखवल्या आहेत. तेव्हा किनाऱ्यावर आलेली जेलीफिश बघून ‘काय हा कचरा’ म्हणण्याआधी तिच्यावर कोण बसून आलं असेल हे आठवा.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

पहिला प्रश्न, फ्रोनिमा आपल्या समुद्रात आहे का? आहे. ती उष्ण आणि समशीतोष्ण महासागरांत सगळीकडे पसरलेली आहे, अरबी समुद्रही त्यात आला. पण ती खोल, खुल्या पाण्यातली. दादर चौपाटीवर उभं राहून दिसणार नाही.

दुसरा, जेलीफिशच्या डंखाने हे मरत कसे नाहीत? एक तर कवच आहे, आणि डंखाची सुई मऊ कातडीसाठी असते. दुसरं, हायपेरिया बसतो कुठे ते बघा. लांब तंतूंवर नाही, छत्रीच्या आत.

तिसरी चिठ्ठी एका शाळकरी मुलाची दिसते. ‘मला हे बघायचे असेल तर काय करू?’ फार छान. ओहोटीला वाहून आलेली जेलीफिश हाताने उचलायची नाही, मेलेलीही डसते. निळ्या फुग्याच्या ब्लू बॉटलजवळ तर जायचंच नाही. मोठ्या माणसाला बरोबर घे. एक पारदर्शक डबा समुद्राच्या पाण्याने भर आणि बिनडंखाचं वाटलं तरी लांब दांड्याच्या पळीनेच ती जेलीफिश त्यात सरकव. डब्यामागे काळा कागद धर आणि बाजूने विजेरीचा उजेड पाड. मग घाई न करता छत्रीच्या आतल्या बाजूला बघत राहा. ठिपका हलला तर भिंगातून त्याचे डोळे शोध. बघून झालं की पाणी आणि जेलीफिश दोन्ही समुद्रात परत.